अमेरिकेतले कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ ड्यू बॉइस यांनी १९१० मध्ये अटलांटा विद्यापीठ सोडलं, त्यात समाजशास्त्राचा तोटा झाला का?

आकडेमोड : तोटाच झाला. १८९६-९७ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात दारोदार फिरून सुमारे अडीच हजार कृष्णवर्णीय कुटुंबांची पाहणी केली. प्रपत्रं सहा : कुटुंब, व्यक्ती, घर, रस्ता, संस्था आणि घरकामाच्या नोकरांसाठी वेगळं. एका घरी साधारण पंधरा ते पंचवीस मिनिटं. चूक कुठून शिरते हेही स्वतःच लिहून ठेवलं : प्रश्न न समजणं, विसरणं, मुद्दाम खोटं सांगणं, शिवाय विचारणाऱ्याचा स्वतःचा कल. पुढे अटलांटा विद्यापीठात दरवर्षी एका विषयाची पाहणी, दहा वर्षांनी पुन्हा पहिला, अशी शंभर वर्षांची आखणी. दुसरी फेरी पूर्ण झाली असती तर बदल मोजता आला असता. एका पाहणीतून फक्त त्या वेळची स्थिती कळते. आणि हा माणूस 'क्रायसिस' हे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीचं मासिक चालवायला गेला!

तळटीप : सोडलं की सोडावं लागलं? त्या काळचे वजनदार कृष्णवर्णीय नेते बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याशी उघड वाद झाल्यावर देणगीदारांनी हात आखडते घेतले. लाउंड्स काउंटीचं प्रकरण विसरलात का? १९०६ मध्ये अलाबामा राज्यातल्या या जिल्ह्यात ड्यू बॉइस यांनी केंद्र सरकारच्या कामगार खात्यासाठी सहा हजारांवर कुटुंबांची माहिती गोळा केली. अहवाल राजकारणाला हात घालतो म्हणून खात्याने तो छापला नाही, पुढे हस्तलिखितही नष्ट केलं. प्रपत्रं कितीही काटेकोर असोत, पैसा आणि छापखाना दुसऱ्याचा असेल तर हेच होणार. 'क्रायसिस' हजार प्रतींवर सुरू झालं, १९१९ च्या सुमारास खप लाखाच्या घरात होता.

आकडेमोड : खप म्हणजे संशोधन नव्हे.

गावकूस : फिलाडेल्फियाचं कामही इतकं डोक्यावर घेऊ नका. नकाशावर घरं रंगवताना त्यांनी कुटुंबांचे चार गट केले, त्यात सर्वांत खालचा 'दुराचारी आणि गुन्हेगार'. उत्पन्नाच्या मोजमापात नीतीचा शिक्का मिसळला, की आकडे बरोबर असूनही गट चुकतात. बाकी, विद्यापीठ कायमचं कुठे सुटलं? १९३४ मध्ये ते अटलांटाला परतले आणि १९३५ मध्ये यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेवरचा मोठा ग्रंथ आला.

तळटीप : गटांबद्दल सहमत. पण १९४६ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी ड्यू बॉइसना पत्र लिहिलं ते कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागण्यासाठी. वॉर्डाचे तक्ते त्यांनी मागितले नव्हते.