मदत हवी आहे: वसंतातल्या गोधडीत मधला थर कोणता घालू?

डोंगरात वसंत आलाय! बर्फ वितळलेल्या उतारांवर पोपटी पालवी, त्यात ऱ्होडोडेंड्रॉनची लालभडक फुलं. हेच रंग गोधडीत उतरवतेय. पाव इंच शिलाई ठेवून बहुतेक तुकडे जोडले, लाल तेवढे बाकी आहेत.

अडलंय ते मधल्या थरापाशी. दिवसा छान ऊन असतं, पण रात्री अजून गारठा, म्हणून हलकी तरी उबदार गोधडी हवी. सुती थर धुतल्यावर थोडा आटतो आणि वर बारीक सुरकुत्या पडतात. मला त्या फार आवडतात. लोकरीचा जास्त ऊब देतो, पण धुताना जपावं लागतं. तुम्ही कोणता घ्याल? हाताने धावदोरा घालताना ओळींत किती अंतर ठेवता? आणि लाल रंग पोपटीवर उतरू नये म्हणून ते कापड आधी वेगळं धुतलं की पुरतं का?