मदत हवी आहे : हाताच्या खुणा ओळखणारा प्रोग्रॅम माझ्याच हातावर चालतो

रानवारा
मंडळी, मिडियापाइप (कॅमेऱ्याच्या चित्रात हाताचे सांधे शोधणारी गूगलची लायब्ररी) वापरून हाताच्या खुणा ओळखायचा प्रोग्रॅम केलाय. चाचणीत अचूकता ९८ टक्के. कॅमेऱ्यासमोर मी बसलो की ठीक, दुसरं कुणी बसलं की काहीही अक्षर दाखवतो. शुक्रवारी दाखवायचाय. काय बदलू? लवकर सांगा.

कोडकिडा
कसल्या खुणा? स्थिर की हलत्या? मॉडेलला फोटो देता की हाताच्या सांध्यांचे बिंदू? आणि डेटा कुणाच्या हातांचा?

रानवारा
बिंदूच, २१. भारतीय सांकेतिक भाषेतली इंग्रजी अक्षरं. स्थिर. मॉडेल रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांचं मत घेऊन उत्तर देणारं).

दगडफूल
साध्या कॅमेऱ्याचा नाद सोडा, जुना काइनेक्ट (एक्सबॉक्स गेमचा कॅमेरा) घ्या. अंतर मोजतो, उजेडाची कटकट नाही. आमच्या प्रोजेक्टला तोच होता.

कोडकिडा
दगडफूल, २०१० चा काइनेक्ट अख्ख्या शरीराचे २० सांधे द्यायचा, त्यात पंजा म्हणजे एक बिंदू. बोटं कुठून ओळखणार?
रानवारा, डेटा कुणाचा ते अजून सांगितलं नाहीत.

रानवारा
माझाच. व्हिडिओ काढून फ्रेम वेगळ्या केल्या, त्यातल्या २० टक्के चाचणीला.

कोडकिडा
मग ९८ टक्के येणारच. एकाच व्हिडिओतल्या शेजारशेजारच्या, जवळपास सारख्या फ्रेम शिकवायला आणि चाचणीला अशा दोन्हीकडे गेल्यात. चाचणीला वेगळी माणसं ठेवा. ग्रुप-के-फोल्ड (एका माणसाच्या सगळ्या फ्रेम एकाच बाजूला ठेवणारी डेटाची विभागणी) याचसाठी आहे. शिवाय प्रत्येक बिंदूतून मनगटाचा बिंदू वजा करा आणि मनगट ते मधल्या बोटाच्या मुळापर्यंतच्या अंतराने भागा. नाहीतर हात कॅमेऱ्यापासून किती लांब आहे तेच मॉडेल शिकतं.

सायलीची_ताई
थांबा. आपल्याकडे बहुतेक अक्षरं दोन हातांनी करतात, अमेरिकेत एका हाताने. २१ बिंदू म्हणजे एकच हात ना? माझी बहीण कर्णबधिर आहे, घरात रोज हीच भाषा चालते. दुसरा हात गाळला तर निम्मं अक्षरच गेलं.

रानवारा
दुसरा हात सापडतच नाही! म्हणून एकच घेतला.

कोडकिडा
हे आधी सांगायचं! मिडियापाइपचा नवा हँड लँडमार्कर (हाताचे बिंदू शोधणारा भाग) वापरत असाल तर त्यात हातांची संख्या आपण दिली नाही तर तो एकच धरतो. २ करा. हात एकमेकांवर आले की तरीही एखादा सुटेल.

हिरवीवाट
हातवाऱ्यांनी टीव्हीचा आवाज कमी करता येईल का? रिमोट सारखा हरवतो.

दगडफूल
सरळ एलएसटीएम (फ्रेमचा क्रम लक्षात ठेवणारं न्यूरल नेटवर्क) लावा.

कोडकिडा
स्थिर अक्षरांना एलएसटीएम कशाला? ते हलत्या खुणांना.

सायलीची_ताई
पुढे शब्द घ्याल तेव्हा चेहराही लागेल. प्रश्न आहे की विधान, ते भुवयांवरून कळतं. मिडियापाइपच्या होलिस्टिकमध्ये (चेहरा, शरीर आणि हात एकत्र शोधणारा भाग) चेहऱ्याचे ४६८ बिंदू मिळतात. आणि नमुने देणारी माणसं ही भाषा रोज बोलणारी घ्या. शिकाऊ हात प्रत्येक अक्षर ताठ करतात, बहीण तसं करत नाही.

रानवारा
संख्या २ केली, दोन्ही हात दिसतायत. आता एक हात सुटला तर त्याच्या २१ जागी काय भरू? शून्य?

कोडकिडा
शून्य चालेल, पण कुठला हात आहे आणि कुठला नाही हे सांगणारा वेगळा रकाना जोडा. डावा-उजवा आरशासारखा उलटत नाही ना, तेही तपासा. किती जणांचे हात मिळतील शुक्रवारपर्यंत?