गाडी आपोआप चालत होती, मग खटला एकट्या चालकावरच का?

वाटसरू: १८ मार्च २०१८, अमेरिकेतलं टेंपी शहर, रात्री दहाचा सुमार. सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उबरच्या चाचणीवरच्या स्वयंचलित गाडीने उडवलं. बाई गेली. पुढच्याच वर्षी सरकारी वकिलांनी सांगितलं, उबरवर फौजदारी जबाबदारी येत नाही. खटला भरला तो देखरेखीला बसवलेल्या महिला चालकावर. २०२३ मध्ये तिने गुन्हा कबूल केला, तीन वर्षांचं प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर राहणं, मिळालं. मला हे अजिबात पटत नाही. गाडीच्या यंत्रणेने त्या बाईला धडकेच्या ५.६ सेकंद आधी टिपलं होतं! पण कधी वाहन, कधी सायकल, कधी 'इतर', असं तिचं वर्गीकरण बदलत राहिलं आणि दर बदलाला तिच्या आधीच्या हालचालीची नोंद पुसली गेली. क्रॉसिंग नसलेल्या जागी माणूस रस्ता ओलांडेल, हे प्रोग्राममध्ये धरलंच नव्हतं. यात चालकाचा काय दोष?

घाटावरचा: दोष आहे. तपास यंत्रणेने मुख्य कारण तेच दिलंय: मोबाईलपायी तिचं रस्त्यावर लक्ष नव्हतं. पगार कशाचा घेत होती? लक्ष ठेवण्याचाच ना! तिला सोडलं तर उद्या प्रत्येक चालक यंत्राकडे बोट दाखवून मोकळा होईल.

वाटसरू: तिला सोडा असं मी म्हणतच नाही. पण आधी गाडीत दोघं बसायचे, त्यातला एक कंपनीने कमी केला. गाडी व्होल्वोची होती, तिचा मूळचा आपत्कालीन ब्रेक स्वयंचलित मोडमध्ये बंद ठेवला. हे निर्णय तिचे नव्हते.

वकीलताई: भरपाई आणि शिक्षा यांत गल्लत नको. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक सिद्ध न करताही मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. तुरुंगात कोणी जायचं, हा प्रश्न त्याने सुटत नाही. ब्रिटनच्या २०२४ च्या कायद्यात मात्र गाडी स्वतः चालत असताना ती कशी चालली याचं उत्तर मान्यताप्राप्त कंपनीने द्यायचं, आत बसलेल्याने नाही.

घाटावरचा: ताई, तो कायदा स्वयंचलित म्हणून मान्यता मिळालेल्या गाड्यांचा. टेंपीतली गाडी चाचणीवर होती, माणूस बसवला होता तो त्याचसाठी.

वाटसरू: चाचणीवर होती म्हणूनच तर कंपनीची जबाबदारी जास्त, दादा. रस्ता ओलांडणाऱ्या बाईने त्या चाचणीला संमती कुठे दिली होती? चाचणीच्या परवान्याच्या अर्जावरच कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याचं नाव हवं. ब्रेक बंद ठेवण्याच्या आदेशावर त्याची सही हवी, आणि माणूस मेला तर चालकाशेजारी आरोपी म्हणून तोही उभा राहायला हवा.