शब्दचर्चा : विज्ञानकथेतील ‘अवकाश’, ‘अंतराळ’ आणि ‘यंत्रमानव’

गेली अकरा वर्षे मी हौसेने विज्ञानकथा लिहीत आहे. पेशाने मी हिशेबनीस आहे, विज्ञानाचे औपचारिक शिक्षण बारावीपर्यंतच झाले आहे, आणि तरीही या लेखनात मला सर्वांत जास्त अडवले ते भौतिकशास्त्राने नव्हे, तर मराठी शब्दांनी. एखादे यंत्र कसे चालते हे पुस्तक वाचून कळते; पण त्या यंत्रासमोर उभी असलेली साताऱ्याची बाई त्याला काय म्हणेल, हे कोणत्याही परिभाषा कोशात सापडत नाही. म्हणून मला अडलेले काही शब्द येथे चर्चेसाठी मांडतो.

पहिली जोडी ‘अवकाश’ आणि ‘अंतराळ’ यांची. वृत्तपत्रांत हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. एकाच बातमीत ‘अंतराळवीर’ ‘अवकाश स्थानकात’ पोहोचतो आणि वाचणाऱ्याला काही खटकत नाही. मला ते खटकू लागले ते ‘अवकाशात झेपावायला अजून तीन तासांचा अवकाश होता’ असे वाक्य माझ्याच कथेत लिहून झाल्यावर. ‘अवकाश’ म्हणजे मुळात मोकळी जागा, वाव. त्यावरून मोकळा वेळ, मुदत. ‘घाई नको, अजून अवकाश आहे’ असे आपण घरात सहज म्हणतो. म्हणजे जागा आणि वेळ या दोन्ही गोष्टी या एका शब्दात आधीपासून नांदत आहेत, आणि सापेक्षतावादावरील मराठी लेखनात ‘अवकाश-काल’ असा जोडशब्द वाचताना मला दर वेळी वाटते की त्याच्या पूर्वपदातच उत्तरपदाची चाहूल आहे. जे वाकते, ताणले जाते, ज्याला वक्रता असते, ते ‘अवकाश’.

‘अंतराळ’ मात्र दोहोंच्या मधले असते. जुन्या मंदिरांच्या वर्णनांत गर्भगृह आणि सभामंडप यांना जोडणाऱ्या भागाला अंतराळ म्हणतात, हे मी वाचले होते. पण सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिरात त्या अरुंद, अंधाऱ्या जागेत उभा राहिलो, मागे मंडपातला उजेड आणि पुढे गाभाऱ्यातला काळोख, तेव्हा तो शब्द मला खऱ्या अर्थाने कळला. पृथ्वी सुटली आहे आणि मंगळ अजून आलेला नाही, अशा यानातल्या माणसांची स्थिती हीच नव्हे काय? तेव्हापासून मी एक नियम पाळतो : प्रवास अंतराळातून होतो, वक्रता अवकाशाला असते. हा नियम भाषेने घातलेला नाही, माझा मीच घालून घेतला आहे; परंतु एका कथेपुरता तरी लेखकाने असा भेद पाळावा, असे मला मनापासून वाटते.

दुसरा शब्द ‘यंत्रमानव’. कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून ‘रोबोट’ हा शब्द जगभर गेला आणि तो त्याला त्याच्या भावाने, योसेफने, सुचवला होता. त्यामागचा चेक शब्द ‘रोबोटा’ म्हणजे सक्तीचे श्रम, आपल्याकडची वेठ. हे समजल्यावर मी बराच वेळ ‘यंत्रमानव’ या शब्दाकडे पाहत राहिलो. आपला शब्द त्या वस्तूचे रूप सांगतो, चेक शब्द तिच्या नशिबी आलेले काम सांगतो. शिवाय त्या नाटकातले रोबोट लोखंडी यंत्रे नसून जैविक द्रव्यापासून घडवलेले जीव आहेत, म्हणजे मूळ रोबोटांनाच ‘यंत्रमानव’ हे नाव नीट बसत नाही. आणि मोटारींच्या कारखान्यात सांधे जोडणाऱ्या यांत्रिक हातात ‘मानव’ शोधूनही सापडत नाही. माझ्या अलीकडच्या कथेत चाकणचे कामगार ‘रोबो’च म्हणतात, कारण ते तसेच म्हणतात, आणि त्या हाताच्या कामाला निवेदक ‘वेठ’ म्हणतो. ‘वेठ’ हा शब्द तेथे आल्यावर यंत्राबद्दलची माझी कथा अचानक कामगारांबद्दलची झाली, आणि ती तशीच व्हायला हवी होती.

‘अणू’बाबत केवळ सावधगिरीची सूचना करतो. मराठीत अणू आणि रेणू अशी जोडी आहे, तर हिंदीत मराठी अणूला ‘परमाणु’ आणि मराठी रेणूला ‘अणु’ म्हणतात. हिंदी पुस्तके समोर ठेवून मराठीत लिहिणाऱ्याच्या हातून येथे हमखास चूक होते. माझ्या हातून ती दोनदा झाली आहे. ‘प्रकाशवर्ष’ हा शब्दही असाच फसवतो. ते सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटरचे अंतर आहे, पण ‘वर्ष’ डोळ्यांसमोर असल्यामुळे नवा लेखक ‘अनेक प्रकाशवर्षांपूर्वी’ असे लिहून मोकळा होतो.

‘कृष्णविवर’ या शब्दावर माझे प्रेम आहे. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवलेल्या कथेचे हेच शीर्षक होते, आणि मूळ इंग्रजी संज्ञा रूढ होऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. मात्र चंद्रावरच्या खळग्यांनाही आपण ‘विवर’च म्हणतो. माझ्या हस्तलिखिताच्या एका वाचकाने कृष्णविवर म्हणजे आकाशाच्या तळाला पडलेले भोक असे चित्र मनात उभे केले होते, आणि त्याचा दोष मी त्याला देऊ शकलो नाही.

शेवटी ‘विज्ञानकथा’ हेच नाव घ्या. ‘विज्ञान काल्पनिका’ अधिक नेमके आहे असे काहीजण मानतात. मला जुनेच नाव हवे, आणि त्याचे कारण ज्ञानेश्वरीत आहे. सातव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर प्रपंचाला ‘विज्ञान’ म्हणतात. आज आपण त्या अर्थाने हा शब्द वापरत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही माझी पहिली कथा ‘माहिती उत्तम आहे, कथा नाही’ अशा शेऱ्यासह परत आली होती, आणि पुढे ती ओवी वाचताना मला त्या शेऱ्याचा अर्थ लागला : कथेत यंत्रे होती, प्रपंच नव्हता.

आता माझे दोन प्रश्न. यानात माणसे तरंगतात, त्या अवस्थेला काय म्हणावे? ‘शून्य गुरुत्व’ चालेल काय? आणि पोटासाठी अंतराळात मालवाहतूक करणाऱ्या माणसांना ‘वीर’ म्हणणे मला जड जाते. त्यांना दुसरा कोणता शब्द आहे?

प्रतिसाद १

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. ‘शून्य गुरुत्व’ कृपया वापरू नये. अवकाश स्थानक पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते आणि तेथे गुरुत्वीय त्वरण भूपृष्ठावरच्या जवळजवळ ९० टक्के असते. स्थानक आणि त्यातली माणसे एकाच त्वरणाने सतत पृथ्वीकडे पडत असतात, पायांखालची जमीनही त्यांच्याबरोबर पडत असते, म्हणून वजन जाणवत नाही. पाठ्यपुस्तकात यासाठी ‘मुक्त पतन’ ही संज्ञा आहे. संवादात ती कोरडी वाटेल हे मान्य. परंतु कथा वाचून आलेली मुले ‘तिथे गुरुत्वाकर्षण नसते’ असे ठामपणे सांगतात तेव्हा ते पुसून काढायला मला दोन तास लागतात.

प्रतिसाद २

माझे आजोळ अलिबागजवळच्या कोळीवाड्यात आहे. होडीचा मालक तो नाखवा, होडी चालवणारा आणि जाळे कोठे टाकायचे ते ठरवणारा तो तांडेल, आणि बाकीचे खलाशी. पंधरा पंधरा दिवस किनारा न पाहणाऱ्या या माणसांना आमच्याकडे कोणी वीर म्हटलेले मी ऐकले नाही, आणि त्यांनाही त्याची गरज वाटलेली नाही. आपल्या मालवाहू यानावर तांडेल का नसावा?

मूळ लेखकाचे उत्तर

दोघांचाही मी ऋणी आहे. ‘मुक्त पतन’ निवेदनात घेईन. संवादासाठी आपले प्रतिसाद वाचताना मला ‘अधांतरी’ हा शब्द आठवला. कशाचाही आधार नाही एवढेच तो सांगतो, गुरुत्वाकर्षण नाही असे सांगत नाही, त्यामुळे बाईंच्या आक्षेपालाही तो उतरतो. एखादा प्रश्न सुटला नाही की आपण तो ‘अधांतरी राहिला’ म्हणतो. ‘अवकाश’च्या वाक्यात दुसरा अर्थ अडचण करत होता, येथे तो उपयोगी पडेल, कारण माझ्या कथेतल्या बाईला आपण परत जाणार की नाही हे अजून कळलेले नाही.

‘तांडेल’ मात्र मी लगेच घेतला. विदर्भातल्या वाचकाला तो अनोळखी वाटेल अशी शंका आली होती, पण अनोळखी शब्द संदर्भाने कळतो, आणि या शब्दाबरोबर एक अख्खी कामाची रीत येते : कोणी कोणाचे ऐकायचे, कोणाचा वाटा किती, संकटात कोणाकडे पाहायचे. काल रात्री पहिले पान पुन्हा लिहिले. ‘कप्तानाने इंजिन बंद केले आणि सर्व वस्तू गुरुत्वरहित झाल्या’ हे वाक्य आता असे आहे : ‘तांडेलाने इंजिन बंद केले, आणि ओट्यावरची भाकरी अधांतरी झाली.’ नाखवा कोणाला करायचे, हे अजून ठरलेले नाही. यान तिघांच्या सामाईक मालकीचे आहे, आणि कोळीवाड्यात अशा वेळी काय म्हणतात ते आपण सांगितलेत तर बरे होईल.