३२ हजारात आय ७ मिळतोय, घेऊ का?

ए-१०३: नमस्कार मंडळी. मुलगा यंदा अकरावीला, कॉम्प्युटर सायन्स घेतलंय. म्हापशात एका दुकानात असेंबल्ड पीसीचं कोटेशन दिलंय, आय ७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ ची एसएसडी, मॉनिटर धरून ३२ हजार. माझं बजेट ३५. मला यातलं ओ की ठो कळत नाही, घेऊ का?

डी-००४: घ्या घ्या वहिनी, आय ७ म्हणजे टॉप. माझ्याकडे तोच आहे.

बी-३०२: वहिनी थांबा. आय ७ च्या पुढे आकडा काय लिहिलाय?

ए-१०३: ३७७०

बी-३०२: तेच म्हटलं. हा २०१२ चा प्रोसेसर. पहिला ३ म्हणजे तिसरी जनरेशन. आय ३ १२१०० आला २०२२ ला, त्याचे पण ४ कोअर ८ थ्रेडच, म्हणजे काम करणारे हात तेवढेच, पण तो ह्याला सहज मागे टाकतो. ३, ५, ७ ही प्रत एकाच जनरेशनच्या मालात बघायची, मध्ये दहा वर्षं गेली की त्या सातला कोण विचारतो. वर विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ला इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा लागतो, दुकानवाला जुगाड करून घालून देईल हो पण ते अधिकृत नव्हे. रॅमसुद्धा जुन्या प्रकारची, डीडीआर ३, उद्या नवा बोर्ड घेतलात तर ती त्यात बसणार नाही.

डी-००४: म्हणजे माझा भंगारात?

बी-३०२: टायपिंगला चालेल हो. विंडोजऐवजी लिनक्स मिंट घाला, फुकटची सिस्टिम.

सी-२०१: लॅपटॉपच घ्या ना. आमची फर्मागुडीला इंजिनीअरिंगला आहे, तिला रोज न्यावा लागतो. पण तुमचा घरीच बसणार असेल तर डेस्कटॉप स्वस्त पडेल, की-बोर्ड बिघडला तर नुसता की-बोर्डच बदलायचा.

ए-२०४: आमच्या दादाला पर्रीकरांच्या सायबरएज योजनेत अकरावीला कॉम्प्युटर मिळालेला. शेवटी शेवटी आजी त्याच्यावर फुलांची परडी ठेवायची 

ए-१०३: मुलगा म्हणतो व्हॅलोरंट गेम चालला पाहिजे, ग्राफिक्स कार्ड घाल.

बी-३०२: त्याला सांगा विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही सुरक्षेची सोय लागते, ३७७० वाल्यात ती मिळणार नाही. गप्प बसेल. खरं सांगू, पायथन आणि सी प्लस प्लसला कार्डाची गरजच नाही. मी गेल्या वर्षी कंपनीतून निघालेला छोटा डेस्कटॉप घेतला, आय ५ ८५००, म्हणजे आठवी जनरेशन, ६ कोअर, मॉनिटर सोडून १६ हजार, मस्त चाललाय. आता रॅम महाग झालीय, २०२५ च्या शेवटापासून एआयवाल्यांनी सगळी मेमरी उचललीय, म्हणून आत्ता ८ घ्या पण रॅमचा दुसरा स्लॉट रिकामा आहे का ते उघडून बघा, मग सावकाश दुसरी ८ ची घाला, दोन असल्या की जोडीने चालतात. एसएसडीत मात्र तडजोड नको, हार्डडिस्कवर विंडोज ११ म्हणजे चहा करून या तोवर चालू होतं.

ए-००२: मी काय सांगतो ते ऐका, आधी अर्थिंग चेक करा, तीन पिनचा सॉकेट असला म्हणजे अर्थिंग असतंच असं नाही, सीपीयूच्या डब्याला हात लावला की झिणझिण येते ना, तेच ते. यूपीएस ६०० व्हीएचा बास, दहा-पंधरा मिनिटं मिळतात, सेव्ह करून बंद करायचं. वीज कडाडली की पिन काढायची, राउटरचीपण. पावसात रोज थोडा वेळ चालू ठेवा, आतली ओल सुकते, महिनाभर झाकून ठेवलात तर बुरशी येते. आणि जमिनीवर ठेवू नका, माझ्याकडे पॉवर सप्लायमध्ये पाल शिरून मेली होती, बोर्डसकट गेलं.

ए-१०३: देव बरें करूं काका.

(दुसऱ्या दिवशी)

ए-१०३: जाऊन आले. जनरेशन विचारल्यावर म्हणतो मॅडम तुम्हाला कोणी सांगितलं. मग आतून ८५०० वाला काढला, १७ हजार, सहा महिन्यांची वॉरंटी बिलावर लिहून घेतली. वापरलेला २२ इंची मॉनिटर ४, यूपीएस ३. स्लॉट रिकामा आहे, उघडून बघितला. ११ हजार उरले, मुलाला अजून सांगितलेलं नाही.

बी-३०२: नका सांगू.

डी-००४: वहिनी, तो माणूस ३७७० एक्सचेंजमध्ये घेईल का, विचाराल?