चारचाकीवर हेल्मेटचं चलान, शिवाय एक्सप्रेसवेचं आणि गोव्याचं: कुठलं भरायचं, कुठलं लढवायचं?

गिअरबॉक्स:
नमस्कार मंडळी. घरातली चारचाकी (एमएच-१५) विकायची आहे. घेणारा म्हणतो, आधी सगळी चलानं मोकळी करा. शोधल्यावर तीन सापडली. एक हेल्मेट न घातल्याचं, ५०० रुपये, चारचाकीच्या नंबरवर! दुसरं मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर वेगमर्यादा ओलांडल्याचं, २,००० रुपये. तिसरं पणजीतलं नो-पार्किंगचं, पण ते एका साइटवर दिसतं आणि दुसरीवर दिसत नाही. एकाचाही एसएमएस आलेला नाही. तिन्ही एकदम भरून टाकावीत, की हेल्मेटचं आधी रद्द करून घ्यावं? लोकअदालतीपर्यंत थांबलं तर निम्म्यात सुटतं असंही ऐकलं.

चौथा गिअर:
आधी दोन साइटचा घोळ सोडवू. महाराष्ट्रातल्या वाहतूक पोलिसांची चलानं महाट्रॅफिक ई-चलानच्या साइटवर आणि महाट्रॅफिक ॲपवर दिसतात. आरटीओच्या पथकांची आणि गोव्यासारख्या राज्यांतली चलानं केंद्राच्या परिवहन ई-चलानवर असतात. म्हणून पणजीचं एकीकडेच दिसतंय. गाडी विकायची असेल तर दोन्हीकडे शोधायलाच हवं, एकीकडे ‘काही बाकी नाही’ आलं म्हणून निर्धास्त राहू नका. शेजारच्या इतर राज्यांत गाडी फिरली असेल तर त्या राज्याच्या पोलिसांची साइटही बघा.

गाडीच्या नंबरासोबत चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे अंक मागतात. ते आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) मिळतील. चासी नंबर १७ अक्षरांचा असेल तर त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतातच, त्यामुळे गोल दिसतं ते शून्यच टाका. बऱ्याच जणांचं ‘माहिती जुळत नाही’ तिथेच अडकतं. गाडीचा नंबर मोकळी जागा किंवा आडवी रेघ न देता सलग लिहा.

एसएमएस न येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आरसीला जुना किंवा शोरूमवाल्याचा मोबाइल नंबर जोडलेला असतो. परिवहनच्या वाहन सेवेत तो बदलता येतो. चासी नंबर, इंजिन नंबर आणि नोंदणीची तारीख हाताशी ठेवा. विकायच्या गाडीचाही बदला, हस्तांतराचे ओटीपी त्याच नंबरावर येतात.

कलम१३३:
हेल्मेटचं चलान भरू नका. हे सगळ्यात महत्त्वाचं. पैसे भरले की गुन्हा कबूल केला असं धरून प्रकरण बंद होतं, मग तक्रारीला अर्थ उरत नाही. साइटवर चलानांच्या यादीत खुणेच्या चौकटी असतात, घाईत सगळ्यांवर खूण पडते आणि चुकीचंही भरलं जातं. पैसे भरण्याआधी एकूण रक्कम एकदा हाताने मोजा.

आता चलानासोबतचा फोटो उघडा. अशा प्रकारांत बहुतेक वेळा फोटोत दुचाकी असते आणि नंबर टाइप करताना किंवा कॅमेऱ्याने वाचताना एक अक्षर चुकलेलं असतं: ८ चा बी, शून्याचा डी, १ चा ७, नाहीतर १२ च्या जागी १५. फोटो मोठा करून पाटीवरचा खरा नंबर वाचा. तो वाचता आला तर तक्रार एका वाक्यात संपते.

महाट्रॅफिकवर तक्रारीचा वेगळा विभाग आहे. तिथे चलान क्रमांक टाका, कारण निवडा आणि मजकूर लिहा. मजकूर छोटा ठेवा: ‘चलान क्र. अमुक. फोटोत दुचाकी आहे, पाटीवर तमुक नंबर दिसतो. माझं वाहन चारचाकी आहे. आरसी आणि वाहनाचे फोटो जोडले आहेत. चलान रद्द करावं.’ एवढं पुरतं. दंड किती अन्यायकारक आहे, रस्त्यात खड्डे किती, हे लिहिलं की मुद्दा बाजूला पडतो. सोबत आरसीची दोन्ही बाजूंची प्रत, गाडीचा पाटीसह पुढून आणि मागून फोटो, आणि चलानातल्या फोटोचा स्क्रीनशॉट. तीन चुकीची चलानं असतील तर तीन वेगळ्या तक्रारी करा, एकातच सगळी घातली तर पहिल्याचाच निकाल लागतो. तक्रार क्रमांक जपून ठेवा. उत्तर आलंच नाही तर ज्या शहराचं चलान आहे तिथल्या वाहतूक शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

फोटोत तुमच्याच नंबराची पण दुसरी गाडी असेल, म्हणजे रंग, मॉडेल, स्टिकर वेगळं, तर प्रकरण निराळं. कुणीतरी तुमची पाटी वापरतंय. तेव्हा नुसतं चलान रद्द करून थांबू नका, पोलीस ठाण्यात तक्रार द्या. त्या वेळी तुमची गाडी दुसरीकडे होती हे दाखवायला फास्टॅगच्या नोंदी, पार्किंगची पावती, सर्व्हिसिंगचं बिल चालतं.

घाटमाथा:
एक्सप्रेसवेचं चलान वेगळ्या जातीचं आहे. तिथे कारला सपाटीवर ताशी १०० आणि घाटात ६० किलोमीटरची मर्यादा आहे. काही ठिकाणी कॅमेरा त्या क्षणाचा वेग मोजतो, काही ठिकाणी कॅमेरे लावलेल्या दोन कमानींमधला सरासरी वेग. १० किलोमीटरचं अंतर ताशी १०० ने ६ मिनिटांत कापलं जातं. ते ५ मिनिटांत कापलंत तर सरासरी १२० झाली, दुसऱ्या कमानीखाली ब्रेक दाबून उपयोग नाही. ‘मी तर कॅमेऱ्याजवळ हळूच होतो’ हा बचाव म्हणूनच टिकत नाही.

लढवायचं असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १६७अ वाचा, ऑगस्ट २०२१ पासून लागू आहे. कॅमेऱ्याच्या चलानात काय हवं ते त्यात स्पष्ट आहे: गुन्हा आणि पाटी दोन्ही दिसतील असा फोटो, यंत्राने मोजलेला आकडा, तारीख-वेळ-ठिकाण, कलम, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सही केलेलं प्रमाणपत्र. यंत्राला मान्यतेचा दाखला लागतो आणि तो दरवर्षी नवा करावा लागतो. कॅमेरा आहे अशी सूचना देणारे फलकही हवेत. यातलं काही नसेल तर तो खरा मुद्दा. सगळं असेल, गाडी तुमचीच असेल आणि वाहनाचा वर्गही बरोबर धरला असेल, तर भरून मोकळे व्हा. माझं स्पष्ट मत: नियम पाळण्यासाठी आहे, घाटात १०० ने गाडी हाकणाऱ्याला पळवाट मिळू नये.

हातातल्या यंत्रावर केलेल्या चलानांबद्दल एक जोड: पोलिसांनी खासगी मोबाइलवर फोटो काढून चलान करू नये, असे आदेश राज्यात जुलै २०२५ मध्ये पुन्हा निघाले आहेत. फोटोवर ठिकाण आणि वेळेचा शिक्का नसेल तर तक्रारीत हे जरूर नमूद करा.

रविवारपेठ:
लोकअदालतीत निम्मी सूट मिळते की. कर्नाटकाने दिली होती. थांबा थोडं.

कलम१३३:
@रविवारपेठ, दोन गोष्टींची सरमिसळ होतेय. कर्नाटकात फेब्रुवारी २०२३ मध्ये ५० टक्के सवलत मिळाली ती सरकारच्या खास आदेशाने, ठरावीक मुदतीपुरती. लोकअदालत म्हणजे तडजोड. रक्कम कमी होऊ शकते, पण तो हक्क नाही आणि टक्केवारी ठरलेली नसते. शिवाय लोकअदालत साक्षीपुरावे तपासून कोण खरं ते ठरवत नाही. दोन्ही बाजू राजी असतील तरच निवाडा होतो आणि त्यावर अपील नसतं. म्हणजे कबूल असलेल्या जुन्या चलानांच्या ढिगासाठी ती ठीक, चुकीच्या चलानासाठी ती जागाच नाही.

थांबण्यामागचा दुसरा समज म्हणजे ‘सहा महिने झाले की चलान मेलं’. नुसत्या दंडाच्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांत घ्यावी अशी मर्यादा आहे खरी (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६८, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५१४). पण न्यायालय उशीर माफ करू शकतं, आणि तो बचाव न्यायालयात मांडायचा असतो. साइटवरून चलान आपोआप पुसलं जात नाही. धोकादायक वाहन चालवण्यासारख्या, कैदेचीही तरतूद असलेल्या कलमांना ही सहा महिन्यांची मर्यादा लागूच नाही.

गिअरबॉक्स:
समजलं. हेल्मेटची तक्रार टाकतो, बाकीची दोन भरतो. पणजीच्या चलानासमोर ‘न्यायालयाकडे पाठवलं’ असं दिसतंय आणि पैसे भरायचं बटण नाही. आता?

चौथा गिअर:
मग ते आभासी न्यायालयाच्या, म्हणजे चलानांची प्रकरणं ऑनलाइन निकाली काढणाऱ्या न्यायालयाच्या, साइटवर गेलं असणार. व्हीकोर्ट्स डॉट जीओव्ही डॉट इन उघडा, राज्यांच्या यादीत गोवा असेल तर तो निवडा (गाडी महाराष्ट्राची असली तरी), आणि चलान किंवा गाडीच्या नंबराने शोधा. तिथे दोनच वाटा असतात: ठरवलेला दंड भरतो, किंवा प्रकरण लढवतो. ‘लढवतो’ निवडलं की प्रकरण त्या हद्दीतल्या नेहमीच्या न्यायालयाकडे जातं, म्हणजे तारखेला पणजी गाठणं आलं. नो-पार्किंगसाठी ते परवडणारं नाही, मात्र गाडी तिथे गेलीच नसेल तर जरूर लढवा.

पैसे कापले जाऊन चलान ‘बाकी’च दिसलं तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. बँकेचा व्यवहार क्रमांक आणि साइटची पावती यांचे स्क्रीनशॉट घ्या, त्याच साइटवर व्यवहाराची स्थिती तपासा, दोन-तीन दिवस जाऊ द्या. पैसे परत आले तरच पुन्हा भरा. आरटीओकडची नोंद अद्ययावत व्हायलाही वेळ लागतो, म्हणून हस्तांतराच्या आदल्या दिवशी भरायला बसू नका.

डिपस्टिक:
चलानाचा मेसेज आलाच तर त्यातल्या दुव्यावरून भरू नका, पत्ता स्वतः टाइप करा. खरी साइट जीओव्ही डॉट इनवर संपते; मधेच ‘परिवहन’ लिहून शेवट वेगळा असलेले पत्ते फसवे. व्हॉट्सॲपवर आलेली ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी) उघडलीत तर ती मेसेज वाचण्याची परवानगी घेते आणि ओटीपी पळवते. चुकून टाकली गेली तर इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं गोठवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.

आणि विक्रीबद्दल: फॉर्म २९ आणि ३० (गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे अर्ज) यांवर नुसत्या सह्या करून ते गाडी घेणाऱ्याच्या हाती देऊ नका. राज्यातल्या राज्यात विक्रीची खबर विकणाऱ्याने १४ दिवसांत द्यायची असते. आरसीवर नाव तुमचं आहे तोवर पुढची चलानं तुमच्याच नावावर येणार. ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या घ्या. त्यानंतरचं एखादं चलान आलं तर तक्रारीला जोडायला हाच कागद लागतो.