मदत हवी आहे : खिद्रापूरसाठी ऑडिओ टूर करतेय, क्यूआरनं दगा दिला आणि आत्या ऐकत नाही

राजारामपुरीची :
नमस्कार मंडळी. मी राहते कोल्हापुरात पण माझी आत्या खिद्रापुरात दिलीय, त्यामुळं लहानपणापासून सुट्टीत तिकडंच. आता बघते तर तिथल्या कोपेश्वराला, म्हणजे शंकराच्या जुन्या देवळाला, लांबलांबनं माणसं येतात, गाडीतनं उतरली की थेट स्वर्गमंडपात, खालच्या गोल शिळेजवळ उभं राहून वरच्या गोल झरोक्याचा फोटो, एक रील, आणि पाऊण तासात परत नरसोबाच्या वाडीला बासुंदी खायला. गावात कुणी शिरतच नाही. म्हणून डोक्यात आलं की हेडफोन लावून माणसानं आपलं आपण फिरावं, थांबत थांबत ऐकावं, असं कायतरी करू.

९ थांबे काढलेत. देवळातले पाच म्हणजे ४८ खांबांचा स्वर्गमंडप, गाभाऱ्यातली दोन लिंगं (कोपेश्वर आणि धोपेश्वर), भिंतीच्या तळाला ओळीनं उभे हत्ती, दक्षिण दाराकडचा शिलालेख, आणि पाचवा थांबा म्हणजे जे नाही ते, नंदी! शंकराच्या देवळात नंदीच नाही, तो नदीपलीकडं कर्नाटकात यडूरला आहे असं सगळे सांगतात. मग गावातले चार : आदिनाथाचं जैन मंदिर, कृष्णेचा काठ, एका गल्लीत घरांच्या भिंतीवर २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या पाण्याच्या खुणा, आणि शेवटी आत्याच्या घराचा सोपा.

अडचणी सांगते. एक, फुकट मिळालेला क्यूआर करून प्रिंट मारून लॅमिनेशन वगैरे करून चहाच्या टपरीवर लावला, दोन आठवड्यांनी स्कॅन केला तर पैसे भरा म्हणून पान उघडतंय. लॅमिनेशनचे पैसे गेले ते वेगळेच. दोन, गावात रेंज कधी असते कधी नसते. तीन नंबर खरी डोकेदुखी. आधी एका मैत्रिणीच्या आवाजात रेकॉर्ड केलं, तिचा आवाज लई गोड, पण "प्रस्तुत मंदिर शिलाहारकालीन स्थापत्याचा उत्कृष्ट नमुना आहे" असलं ऐकून माझा नवराच दुसऱ्या थांब्याला मोबाईल बघत बसला. मग आत्याला बोलायला लावलं तर माणसं हलत नाहीत इतकं भारी सांगते, पण ती सगळंच घडलेलं म्हणून सांगते. दक्षाचा यज्ञ, सतीनं देह टाकला, शंकर कोपला, विष्णूनं धोपेश्वर होऊन समजूत घातली, इथपर्यंत ठीक आहे, कथा आहे. पण कुणा खिदरखानावरनं गावाचं नाव पडलं हेसुद्धा ती असं सांगते की जणू बारशाला हजर होती. काय करू?

बिनपगारी_टेक्निशियन :
पहिलं क्यूआरचं. तुम्ही डायनॅमिक क्यूआर केला असणार, त्यात कोड त्या वेबसाईटच्या लिंकवर जातो आणि तिथनं तुमच्या पानावर, त्यांनी मधला दोर कापला की संपलं. स्टॅटिक क्यूआर करा, त्यात तुमचा पत्ता थेट कोडातच असतो, तो कधी एक्स्पायर होत नाही, फक्त पत्ता बदलायचा नाही.
रेंजसाठी इझी ट्रॅव्हल (izi.TRAVEL) नावाचं ॲप बघा, टूर बनवायला फुकट आहे, ऐकणाऱ्यानं वाडीलाच वायफायवर डाउनलोड करून घ्यायचं, जीपीएसला इंटरनेट लागत नाही त्यामुळं गल्लीत थांबा आला की आपोआप वाजतं. पण देवळात आपोआप ठेवू नका. जीपीएस मोकळ्या जागेतसुद्धा पाचदहा मीटर इकडंतिकडं होतं, दगडी छताखाली तर विचारूच नका, माणूस लिंगासमोर आणि कानात हत्ती सुरू. तिथं नंबर द्या, ज्याला पाहिजे तो दाबेल.
फाईल मोनो ६४ केबीपीएस एमपीथ्री, दोन मिनिटाला साधारण १ एमबी होतं, व्हॉट्सॲपवर पण सुटतं.
आणि देवळाच्या भिंतीला खांबाला काहीही चिकटवू नका, संरक्षित स्मारक आहे. टपरीच ठीक.

तांबडापांढरा :
खरं सांगू का ताई, राग मानू नका. आपली माणसं सहलीला हेडफोन आणत नाहीत, स्पीकरवर लावतील, चार ग्रुप चार थांबे एकदम वाजवतील आणि देवळात नुसता बाजार. तुमच्या आत्यालाच दर रविवारी उभं करा की!

राजारामपुरीची :
@तांबडापांढरा आत्याला गुडघेदुखी आहे, नाहीतर ती तयारच आहे 😀 पण स्पीकरचा मुद्दा बरोबर. गाभाऱ्याचा थांबा बाहेर अंगणात ऐकायचा असं करते.

वीरगळ :
आत्याला बदलू नका, तिच्या आजूबाजूची वाक्यं बदला. मी आमच्या गावात वीरगळांसाठी (लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड) असं केलं होतं, त्यावरनं सांगतो. प्रत्येक थांब्यात तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या : समोर डोळ्यांना काय दिसतंय, लिहून काय ठेवलंय, आणि लोक काय सांगतात. पहिल्या दोन तुम्ही बोला, तिसरी आत्या. आवाज बदलला की ऐकणाऱ्याला न सांगता कळतं की आता गोष्ट सुरू झाली.
शिलालेखाचाच थांबा घ्या. देवगिरीच्या सिंघण यादव राजाचा, शके ११३६ चा (साधारण आठशे वर्षांपूर्वीचा) लेख, दान दिल्याचा. तुम्ही एवढंच सांगायचं की इथं आधी राज्य करणाऱ्या शिलाहारांच्या मुलखात यादवाचा लेख कसा, तर त्याच सुमाराला सिंघणानं पन्हाळ्याच्या भोज शिलाहाराचा पराभव करून राज्य घेतलं. म्हणजे नवा धनी आला आणि त्यानं जुन्या देवाला दान देऊन ते दगडात लिहून ठेवलं. मग आत्या.
नावाचंही तसंच. खिदरखानाचं आत्याला सांगू दे, तुम्ही त्याआधी म्हणा की जुनं नाव कोप्पम. १०५४ साली चोळ आणि चालुक्यांची कोप्पमची लढाई झाली, त्यात राजाधिराज चोळ हत्तीवरच मारला गेला. ते कोप्पम म्हणजे हेच गाव असं काही अभ्यासक मानतात आणि काही म्हणतात ते कर्नाटकातलं कोप्पळ. दोन्ही सांगा. वाद आहे म्हटल्यावर माणूस उलट कान देतो.
आणि पुराच्या खुणांचा थांबा सगळ्यात लांब ठेवा. देवळाचं सगळीकडं मिळतं हो, ते आणखी कुठं मिळणार नाही. तिथं फक्त आत्या. तिथं तिनं स्वतः बघितलेलं आहे, "असं म्हणतात" लागतच नाही.

राजारामपुरीची :
@वीरगळ हे डोक्यातच आलं नव्हतं, मी पुराला फक्त ४० सेकंद दिली होती!! कालच गेले. आत्याला म्हटलं २०१९ चं सांग, तर तारीख वगैरे काही नाही, सुरुवात केली म्हशींपासनं. कुठली आधी सोडली, कुठली दावं तोडून स्वतःच निघाली, कुठली नावेत चढेना, मग माळ्यावर चढवलेलं धान्य, मग परत आल्यावर घरात गुडघाभर गाळ आणि त्यात सापडलेला लग्नातला फोटो. ११ मिनिटं बोलली. मधे एकदा गप्प झाली ते पण रेकॉर्ड झालंय.
आता प्रश्न असा की ११ मिनिटं उन्हात गल्लीत कोण उभं राहणार? कापायचं म्हटलं तर कुठं कापू कळेना.

बिनपगारी_टेक्निशियन :
कापू नका, जागा बदला. खुणेपाशी दोन मिनिटं, बाकीचं सोप्यावर बसून. शेवटचा थांबा तोच आहे ना?

राजारामपुरीची :
होय की! मग सोप्यावर पाण्याचा तांब्या ठेवायला सांगते. आणि मागं रेकॉर्डिंगमधे म्हैस ओरडलीय दोनदा, ती काढता येईल का?

वीरगळ :
पुरातनं वाचलेलीच असेल तर ठेवा.

राजारामपुरीची :
तिचं रेडकू आहे. ठेवते. पुढच्या रविवारी सकाळी कुणी ट्रायलला येणार का, हेडफोन आपापले आणा.